एलिझाबेथ लाइन : साउथॉल ते व्हाइटचॅपल, रोजच्या प्रवाशाचा अनुभव

बाबा गेल्या मे महिन्यात पहिल्यांदाच लंडनला आले. त्यांना आणायला नवरा गाडी काढतो म्हणाला, मी नको म्हटलं. बाबांनी कुर्ला कारशेडमध्ये चौतीस वर्षं काढली. लोकलचे डबे उघडायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा मार्गावर सोडायचे, हेच आयुष्य. अशा माणसाचं लंडन ट्रेननेच सुरू व्हायला हवं होतं.

हीथ्रो विमानतळाच्या फलाटावर जांभळ्या पट्ट्याची गाडी आली, लंडनला पश्चिमेकडून पूर्वेकडे जोडणाऱ्या एलिझाबेथ लाइनची. डब्यात जागा होती, पण बाबा बसले नाहीत. दाराच्या रबरी कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, दार मिटताना आवाज ऐकला, मग दोन डब्यांच्या जोडावर जाऊन एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभे राहिले. नऊ डब्यांची, दोनशे मीटरहून लांब गाडी, आणि पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत आतूनच चालत जाता येतं. हेझ मागे पडलं तेव्हा परत येऊन म्हणाले, "जोडार उभो रवलंय तरी धक्को नाय गो बाय." बाबांकडून एखाद्या गाडीला याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

मी या लाइनवर रोज जाते-येते. घर पश्चिमेला साउथॉलमध्ये, काम पूर्वेला व्हाइटचॅपलजवळच्या एका लॅबमध्ये. २४ मे २०२२ ला लाइन सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून पॅडिंग्टन स्टेशनला गाडी न बदलता थेट जाता येऊ लागलं. आता अर्ध्या तासापेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो. मूळ मुहूर्त डिसेंबर २०१८ चा होता आणि खर्च १८ अब्ज पौंडांच्या वर गेला, त्यामुळे लोकांनी बरीच वर्षं नावं ठेवली. गाडी गार असते, मधल्या नव्या भुयारी स्टेशनांत फलाट आणि रूळ यांच्यामध्ये काचेची भिंत आहे, व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन कुठल्याही स्टेशनात जिना न चढता जाता येतं. सेवा म्हणून एवढं पुरेसं आहे. पण मला जे सांगायचं आहे ते खिडकीबाहेरचं आहे. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाटांनी या शहरात आलेल्या लोकांच्या वस्त्या या एका लाइनने एकमेकींच्या शेजारी आणून बसवल्या आहेत, आणि माझ्या मते तिची खरी किंमत तीच आहे.

साउथॉलला उतरलो तेव्हा बाबा पाटीखाली थबकले. वर इंग्रजी, खाली गुरुमुखी. पहिलं अक्षर त्यांनी 'म' वाचलं. गुरुमुखीतला 'स' आपल्या 'म'सारखा दिसतो. "मग ह्या मुंबईचा म नाय?" असं विचारून हसले आणि शेवटचा 'ल' ओळखता आल्यावर खूश झाले.

हे गाव पंजाबी कसं झालं, याची गोष्ट रुळांपासून सुरू होते. १८३९ मध्ये इथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं स्टेशन झालं. कालवा आधीपासून होता. रेल्वे आणि कालवा आहे म्हणून कारखाने आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या कारखान्यांना हात कमी पडू लागले. जवळच्या हेझमधल्या वूल्फ रबर फॅक्टरीत पंजाबातून आलेली माणसं कामाला लागली. एकाच्या ओळखीने दुसरा, दुसऱ्याच्या खोलीत तिसरा. पुढे हीथ्रो वाढला, तिथे सामान चढवणं, सफाई, स्वयंपाकघर अशी कामं निघाली आणि बायकाही कामाला जाऊ लागल्या. विमानतळ घरापासून बसच्या अंतरावर होता, ही साधी गोष्ट निर्णायक ठरली.

बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. माझे आजोबा मालवणहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहिले. एका खोलीत पंधरा माणसं, एकाची पाळी सुटली की त्याच्या जागेवर दुसरा झोपणार. साउथॉलच्या जुन्या सरदारजींकडून मी अगदी हेच ऐकलंय, फक्त गिरणीच्या जागी रबराचा कारखाना.

साउथॉल ब्रॉडवेवर मे महिन्यात हापूसच्या पेट्या फुटपाथपर्यंत रचलेल्या असतात. हीथ्रोला येणारा बहुतेक माल प्रवासी विमानांच्याच पोटातून येतो. म्हणजे बाबा ज्या विमानात बसून आले, तशाच विमानात पायांखाली आंबे, भेंडी, कढीपत्ता असतो. २०१४ च्या मेमध्ये युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली, तेव्हा त्या मोसमात या रस्त्याचा वासच हरवला होता. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि पहिली पेटी फोडताना दुकानदाराने समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला एकेक फोड खायला दिली होती. ब्रॉडवेवर मेथीची जुडी आपल्याकडच्यासारखीच मुळांसकट मिळते, आणि जिलबी डोळ्यांसमोर तळून देतात. बाबांनी जिलबी खाल्ली, मेथी नाकाशी धरली आणि पेटीवरचं 'देवगड' मोठ्याने वाचलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्याबरोबर पूर्वेला नेलं. वाटेत ईलिंग ब्रॉडवे लागतं. तिथे महायुद्धानंतर राहिलेले पोलिश लोक होतेच, २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आल्यावर आणखी आले. डब्यात शेजारी बसलेल्या दोघी पोलिशमध्ये बोलत होत्या, समोर सोमाली आई मुलाला खाऊ भरवत होती. २०२१ च्या जनगणनेत लंडनमधल्या सुमारे ४१ टक्के लोकांचा जन्म ब्रिटनबाहेरचा निघाला. हा आकडा मी वाचलेला होता, पण तो समजतो सकाळी आठच्या गाडीत. बाबांना सगळ्यात आवडली ती मी सांगितलेली एक जुनी हकीकत. १९५६ पासून लंडन ट्रान्सपोर्टने थेट कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर जाऊन बस आणि भुयारी रेल्वेसाठी माणसं भरती केली, त्यांना बोटभाड्यासाठी पैसे उसने दिले आणि ते पगारातून कापून घेतले. "म्हणजे रेल्वेनंच माणसां हाडली," बाबा म्हणाले. नंतर दिवसभर ते स्टेशनातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हात करत होते.

व्हाइटचॅपल स्टेशनवर इंग्रजीच्या जोडीला बंगाली पाटी आहे, लाइन सुरू व्हायच्या जरा आधी, मार्च २०२२ मध्ये लावलेली. २०२५ च्या फेब्रुवारीत एका खासदारांनी तिला आक्षेप घेतला, स्टेशनचं नाव फक्त इंग्रजीत हवं म्हणाले. मला त्या आक्षेपाचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. ही पाटी कुणाला वाट चुकवत नाही. आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेटची माणसं ब्रिटिश जहाजांवर कोळसा ओढत लंडनच्या गोद्यांपर्यंत आली आणि काहीजण जवळच्याच गल्ल्यांत राहिले. पुढे त्यांचे नातेवाईक आले, शिवणकामाची वर्कशॉपं आणि खानावळी उभ्या राहिल्या. त्यांच्या भाषेतली एक ओळ त्या भिंतीवर असणं योग्यच आहे. स्टेशनपासून थोडं चाललं की अल्ताब अली पार्क लागतो. १९७८ च्या मेमध्ये कामावरून घरी जाणाऱ्या अल्ताब अली या तरुण बांगलादेशी कारागिराचा इथे वर्णद्वेषातून खून झाला. इथली सरमिसळ काही आपोआप आणि गोडीगुलाबीने झालेली नाही, हे पाहुण्यांनाही कळलं पाहिजे, म्हणून मी प्रत्येकाला त्या बागेत नेते.

आणखी पुढे ब्रिक लेनच्या कोपऱ्यावर एक विटांची इमारत आहे. १७४३ मध्ये ती फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट लोकांचं प्रार्थनास्थळ म्हणून बांधली, १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झाली, १९७६ पासून मशीद आहे. वर भिंतीवर १७४३ चं सूर्यघड्याळ तसंच आहे.

पण बाबांचं मन रमलं व्हाइटचॅपल रोडवरच्या मासळीच्या दुकानात. थंडगार पेट्यांत बांगलादेशातून आलेली गोठवलेली मासळी, बाहेर सातकोरा नावाचं जाड सालीचं आंबट फळ, बारक्या लालभडक नागा मिरच्या. दुकानदाराने एक रुपेरी, पसरट पोटाचा मासा बाहेर काढून ठेवला, म्हणाला, इलिश. बाबांनी चष्मा वर केला, खवल्यांवरचा बर्फ बोटाने खरवडला, शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला. "गो बाय, हो पालोच मां!" इलिश म्हणजे आपल्याकडचा पाला मासा. दुकानदाराला मराठी येत नव्हती आणि बाबांना सिल्हेटी. तरीही काटे किती, गाभोळी कधी मिळते, मोहरी घालायची की कोकम, यावर दोघं हिंदीचे तुकडे जोडत वीस मिनिटं बोलत उभे होते. शेवटी त्याने मासा करवतीवर कापून दिला आणि डोकं वेगळं बांधलं, कारण बाबांनी तसं सांगितलं.

आता जे खटकतं तेही सांगते. भाडं. मध्य लंडनहून हीथ्रोला या लाइनने जायला जुन्या भुयारी पिकॅडिली लाइनच्या दुपटीहून जास्त पैसे पडतात. गाडीत स्वच्छतागृह नाही, रेडिंगपर्यंतचा लांबचा प्रवास असला तरीही. वयस्क माणसांना घेऊन निघताना हे आधी लक्षात ठेवा. रात्रभर गाड्या चालत नाहीत. हीथ्रोची पहिली पाळी पहाटे सुरू होते आणि ज्यांच्या श्रमावर विमानतळ चालतो ती साउथॉलची माणसं तेव्हा १०५ नंबरच्या बसची वाट बघत थंडीत उभी असतात. ही लाइन सगळ्यात आधी त्यांच्या उपयोगी पडायला हवी होती.

सगळ्यात जास्त काळजी घरभाड्याची आहे. स्टेशनच्या मागे जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि जाहिरातींत मध्य लंडन किती मिनिटांवर आहे हेच ठळक छापलेलं असतं. आमच्या घरमालकाने दोन वर्षांत दोनदा भाडं वाढवलं, दोन्ही वेळा कारण एकच दिलं : ट्रेन. समोरचं पंजाबी कुटुंब, ज्यांच्या आजीने मला पहिल्या हिवाळ्यात लोकरीचे मोजे विणून दिले होते, ते गेल्या वर्षी आणखी पश्चिमेला, स्लाव गावाच्याही पलीकडे राहायला गेलं. बाबांनी त्या टॉवरकडे बघून एवढंच विचारलं, "गिरणीची जागा?" लालबाग-परळला गिरण्यांच्या जमिनींवर काय उभं राहिलं ते त्यांनी रोज लोकलमधून पाहिलंय. स्थानिक लोकांना परवडतील अशी घरं स्टेशनांभोवती बांधायची सक्ती जास्त कडक हवी, नाहीतर गुरुमुखी पाटी राहील आणि ती वाचणारे पुढच्या स्टेशनांवर गेलेले असतील.

तरीही माझे गुण पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पहाटेच्या बससाठी कापला.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं : हीथ्रोच्या फलाटावर हीथ्रो एक्सप्रेसही येते. ती महाग आहे आणि थेट पॅडिंग्टनलाच थांबते, साउथॉल किंवा ईलिंगला जाणाऱ्यांनी तिच्यात चढू नये. वेगळं तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. एका टर्मिनलहून दुसऱ्या टर्मिनलला जायला पैसे पडत नाहीत. नेपाळी जेवण हवं असेल तर वूलिचला उतरून प्लमस्टेडकडे जा, तिथे गुरखा कुटुंबांची वस्ती आहे. गणपतीत १९३२ पासूनच्या महाराष्ट्र मंडळात जायचं तर बॉण्ड स्ट्रीटला ज्युबिली लाइन पकडून डॉलिस हिलला उतरा. आणि व्हाइटचॅपलहून पाला आणणार असाल तर घरून दोन जाड पिशव्या न्या, एकीत एक घाला. पॅडिंग्टन यायच्या आत बर्फ सुटायला लागतो.