जीपीडी मायक्रोपीसी: वजनकाट्याच्या फिरतीवरचा संगणक

मी वजनकाटे दुरुस्त करतो. गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, शिरोळ हा सगळा पट्टा पालथा घालावा लागतो, कधी एसटीने, कधी मोटारसायकलवर. या फिरतीत माझ्याजवळ जीपीडी या चिनी कंपनीचा मायक्रोपीसी असतो. सिरियल पोर्टवर (यंत्रांशी केबलने बोलायची जुनी जोडणी) काम करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला मी तो बिनधास्त सुचवेन.

२०१९ साली आलेलं हे मशीन. पडदा ६ इंची, वजन ४४० ग्रॅम, आत इंटेलचा सेलेरॉन एन४१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि मोबाईलवालं नाही, पूर्ण विंडोज. शर्टाच्या खिशात मात्र मावत नाही, जाडी अडीच सेंटिमीटरला जराशीच कमी आहे. जॅकेटच्या किंवा कार्गो पँटच्या खिशात नीट बसतो. खराब रस्त्यावर पाठीला लॅपटॉपची बॅग नाही, हे सुख फिरतीवाल्यालाच कळेल.

पण मी तो घेतला एकाच गोष्टीसाठी: अंगावरच असलेला नऊ पिनांचा आरएस-२३२, म्हणजेच सिरियल पोर्ट. आजकालच्या लॅपटॉपला तो नसतो आणि काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, अजून त्याच पोर्टमधून बोलतो. गाडी काट्यावर चढली की लोडसेलवरून (काट्याखालचा भार मोजणारा सेन्सर) आलेलं वजन इंडिकेटर ओळीओळीने केबिनमधल्या संगणकाकडे पाठवत राहतो. ते थांबलं की पावती थांबते. बाहेर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागते, आणि तोडलेला ऊस वाळत जातो तसं त्याचं वजन घटत जातं. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशोब त्या आकड्यावर असतो, म्हणून मला तिथे चाचपडत बसायला आवडत नाही.

अशा वेळी इंडिकेटरची केबल काढून थेट मायक्रोपीसीला लावतो आणि पोर्टवर येणारी अक्षरं दाखवणारा टर्मिनल प्रोग्रॅम उघडतो. ९६०० बॉड (माहिती पाठवायचा वेग), आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, या सेटिंगपासून सुरुवात. आकडे स्वच्छ दिसले तर इंडिकेटर आणि केबल दोन्ही ठीक, दोष केबिनच्या संगणकात शोधायचा. अगम्य अक्षरं आली तर बहुतेक वेळा बॉड जुळत नाही, २४०० करून बघायचं. काहीच आलं नाही तर दोन आणि तीन नंबरच्या तारा उलटसुलट झाल्यात का ते तपासायचं. मुळात आपल्याच पोर्टची शंका आली तर दोन आणि तीन नंबरच्या पिना एकमेकींना जोडून टाईप करायचं. टाईप केलेलं परत पडद्यावर आलं की पोर्ट चांगला. हे सगळं उभ्या उभ्या, इंडिकेटरच्या शेजारी आणि वजनमापे खात्याच्या सीलला हात न लावता होतं. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरच्या काळात निम्मा वेळ ड्रायव्हर आणि विंडोजने पोर्टला दिलेला, दरवेळी बदललेला कॉम नंबर शोधण्यात जायचा.

कीबोर्ड दहा बोटांचा नाही. मशीन दोन्ही हातांत धरायचं आणि अंगठ्यांनी टाईप करायचं. माऊसची बटणं डावीकडे वर, ट्रॅकपॅड उजवीकडे वर, त्यामुळे एसटीत मांडीवर काही न ठेवता काम चालतं. सर्व्हिस रिपोर्ट आणि बिल मी परतीच्या वाटेवरच संपवतो. मोठा मजकूर यावर लिहू नये, अंगठे दुखतात. मराठी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत लिहिता येतं, फक्त अक्षरांच्या जागा पाठ हव्यात. पडदा १२८० बाय ७२० चा आहे. अक्षरं मोठी करून घेतली की अनुस्वार आणि रफार नीट दिसतात, तेवढं करून घ्याच.

चार्जिंग यूएसबी-सीने होतं. पॉवर बँक मात्र पीडीवाली (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त ताकदीने चार्ज करणारी) घ्या, साधीच्या भरवशावर गावाला निघू नका. शिवाय लॅनचा, म्हणजे नेटवर्कच्या केबलचा पोर्ट आहे, म्हणजे कारखान्याच्या नेटवर्कलाही अडॅप्टरशिवाय जोडता येतं.

टचस्क्रीन नाही. आतला पंखा शांत खोलीत ऐकू येतो, काट्याच्या केबिनमध्ये त्याचं काही वाटत नाही. सेलेरॉनकडून दहा टॅब आणि व्हिडिओ कॉल एकदम मागितले तर तो अडखळणारच. लिनक्स टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, पडद्याचं पॅनल मुळात उभं आहे. सेटिंग केलं नाही तर चित्र आडवं पडतं.

फक्त सिनेमा बघायला आणि मेल वाचायला हवा असेल तर हा घेऊ नका, त्याला मोबाईल पुरतो. बसल्या जागी जास्त टायपिंग असेल तर जीपीडीचाच २०२१ चा पॉकेट ३ बघा: ८ इंची पडदा, मोठा कीबोर्ड, आणि मॉड्यूल बदलून आरएस-२३२ लावायची सोय. वजन मात्र सातशे ग्रॅमच्या पुढे जातं. जुना मायक्रोपीसी मिळत असेल तर घेण्याआधी तळाचं झाकण फुगलंय का ते सपाट टेबलावर ठेवून बघा, कारण बॅटरी आत बंद आहे. आणि सोबत एक केबल घेऊन जा, सिरियल पोर्ट विकणाऱ्यासमोरच तपासा.