उघडी की बंद? घरच्या बॉयलरची सिस्टीम निवडताना

घर उबदार ठेवणारा गरम पाण्याचा बॉयलर घ्यायचा म्हटलं की सगळी चर्चा त्याच्या क्षमतेवर आणि इंधनावर होते. खरं तर त्याआधी एक साधा प्रश्न सुटायला हवा. पाणी तापलं की फुगतं, मग फुगलेलं पाणी जाणार कुठे? १० अंश सेल्सिअसचं पाणी ८० अंशांपर्यंत तापवलं तर त्याचं आकारमान जवळपास ३ टक्क्यांनी वाढतं. बॉयलर, पाइप आणि रेडिएटर (खोल्या तापवणारे, आतून गरम पाणी फिरणारे धातूचे पॅनेल) मिळून १०० लिटर पाणी असेल तर साधारण ३ लिटरची वेगळी सोय करावी लागते. ती दोन प्रकारे होते, आणि बाकीची बहुतेक फिटिंग्ज या निवडीमागून येतात.

उघड्या पद्धतीत घरातल्या सगळ्यात उंच जागी एक छोटी टाकी असते. तिच्यातून एक पाइप खाली येऊन सिस्टीम भरलेली ठेवतो. बॉयलरकडून वर गेलेला दुसरा पाइप टाकीच्या वर वाकवून तोंड उघडं सोडलेला असतो. हा व्हेंट पाइप म्हणजेच इथली सुरक्षा. थर्मोस्टॅट अडकला, पाणी उकळायला लागलं, तरी वाफ आणि पाणी वरून टाकीत पडतं आणि दाब वाढत नाही. त्यात हलणारा एकही भाग नाही, म्हणून बिघडायलाही फारसं काही नाही. अट एवढीच, की त्या पाइपवर कुठेही, कोणत्याही कारणासाठी व्हॉल्व्ह बसवायचा नाही. कडाक्याच्या थंडीत तो गोठणार नाही हेही पाहायचं, कारण बर्फाने तोंड बंद झालं की सगळी सुरक्षा गेली. टाकी प्लास्टिकची असेल तर उकळतं पाणी सोसणारीच घ्या.

बंद पद्धतीत वरची टाकी जाते. तिच्या जागी बॉयलरजवळ एक्स्पान्शन टँक येतो. हा पत्र्याचा डबा असतो, आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. पाणी फुगलं की हवा दबते, गार झालं की हवा त्याला परत ढकलते. सोबत प्रेशर गेज, पाणी भरायची लाइन, ते उलटं पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून बॅकफ्लो अडवणारा व्हॉल्व्ह आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. घरगुती सिस्टीम गार असताना १ ते १.५ बारवर (बार हे दाब मोजायचं एकक) ठेवतात आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बहुधा ३ बारला उघडतो.

एक्स्पान्शन टँक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या कामात लोकांची गल्लत होते. कुकरची शिट्टी रोज वाजते, पण झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर काहीतरी बिघडलंय हे कळतं. इथेही रोजचं काम एक्स्पान्शन टँकचं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपमधून पाणी ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह बदलण्याआधी टँक तपासा. टँकवर सायकलच्या ट्यूबला असते तशी हवा भरायची पिन असते. ती हलकेच दाबली आणि हवेऐवजी पाणी आलं, तर आतला पडदा फाटलाय. काहीच आलं नाही तर हवा निघून गेली आहे. ती भरताना सिस्टीमचा दाब आधी उतरवावा लागतो, नाहीतर आकडा खोटा येतो. ठिबकणाऱ्या पाइपला बूच मारणं हा मात्र बॉयलरचा बॉम्ब करण्याचा प्रकार आहे. तो पाइप व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा बारीक नको, वाटेत कॉक नको, उताराने खाली जायला हवा आणि कुणी भाजणार नाही पण पाणी आलेलं दिसेल अशा जागी उघडा सोडायला हवा.

टँकचा आकार अंदाजाने घेऊ नका. वरच्या १०० लिटरच्या सिस्टीमला १ बारपासून २.७ बारपर्यंत चढायला मुभा दिली तर हिशेबाने किमान साडेसहा लिटरचा टँक लागतो. ८ लिटरचा चालेल, १२ लिटरचा निवांत. टँक मोठा झाल्याने नुकसान होत नाही, लहान पडला तर दर वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडत राहील आणि त्याच्या बैठकीवर क्षार साचून तो कायमचा गळका होईल. टँकची जोडणी पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला घ्यायची. उलट बाजूला घेतली तर पंप सुरू होताच सिस्टीमच्या काही भागातला दाब खाली जातो आणि हवा आत ओढली जाऊ शकते.

मग कोणती घ्यावी? गंजाच्या बाबतीत बंद पद्धत सरळ जिंकते. उघड्या टाकीतून पाण्यात ऑक्सिजन मिसळत राहतो, पोलाद गंजतं आणि रेडिएटरच्या तळाशी काळा गाळ बसतो. बंद सिस्टीममध्ये सुरुवातीचा ऑक्सिजन संपला की गंज जवळजवळ थांबतो, मात्र सारखं नवं पाणी भरावं लागत असेल तर हा फायदा उरत नाही. गेजचा काटा वरचेवर खाली येत असेल तर पाणी भरत बसण्यापेक्षा गळती शोधा.

धोक्याच्या बाबतीत उघडी पद्धत जास्त क्षमाशील आहे. ३ बारच्या दाबाखाली पाणी सुमारे १४३ अंशांना उकळतं. म्हणजे बिघाडात ते १२० अंशांवरही पाणीच राहतं, आणि काही फुटलं की त्यातला काही भाग क्षणात वाफ होतो. म्हणून बंद सिस्टीमला रोजच्या थर्मोस्टॅटखेरीज पाणी ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापलं की बॉयलर बंद करणारा वेगळा हाय-लिमिट कटआउट हवाच, तोही हाताने रीसेट करावा लागणारा, म्हणजे बिघाड झाल्याचं कुणाच्या तरी लक्षात येईल. पाणी कमी झाल्यावर बर्नर बंद करणारा लो-वॉटर कटऑफही घ्या.

माझं मत विचाराल तर गॅस, तेल किंवा विजेवरचा बॉयलर असेल आणि वर्षातून एकदा जाणकार माणूस टँक नि व्हॉल्व्ह तपासणार असेल, तर बंद पद्धत. लाकूड किंवा कोळशाचा असेल तर उघडी. वीज गेली, पंप थांबला, तरी पेटलेलं लाकूड बटणाने विझत नाही.

न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या साठवण टाकीचा हिशेब वेगळा. ती मुख्य लाइनच्या दाबावर असेल तर तिला दाब आणि तापमान दोन्हींवर उघडणारा स्वतःचा व्हॉल्व्ह लागतो. पाणी ६० अंशांवर साठवतात, कारण २० ते ४५ अंशांत लिजिओनेला जिवाणू वाढतो. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, तेव्हा नळाआधी गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवा.

जुनी उघडी सिस्टीम बदलून बंद पद्धतीची करून घ्यायची असेल तर आधी प्रेशर टेस्ट मागा. वरची टाकी ५ मीटर उंच असली तरी खालच्या सांध्यांवर जेमतेम अर्धा बार दाब असतो. अनेक वर्षं तेवढाच सोसलेला रेडिएटर एकदम दीड बारवर गेला की गंजून पातळ झालेली जागा तिथेच उघडी पडते, आणि ती फरशी बसवून झाल्यावर पडण्यापेक्षा आधी पडलेली बरी.