'लेव्हल टू' सुरू करा म्हणणाऱ्याला आधी मिलिग्रॅम विचारा

लातूरच्या ट्यूशन एरियात खोली करून राहिलेल्या पोरांचे आईवडील हे वाचत असतील, तर त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावं. माझ्या भावाच्या घरातून स्मरणशक्ती वाढवते म्हणून विकलेल्या पावडरीच्या 'कोर्स'पायी १३,१०० रुपये गेले. सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतले पैसे होते. पण मला जास्त राग पैशाचा नाही, माझ्या भाच्याच्या झोपेचा आणि तब्येतीचा आहे. मी स्वतः डी.फार्म. आहे, दवाखान्याच्या मेडिकलवर काम करते, म्हणून या प्रकारात नेमकं कुठं फसवतात ते सविस्तर लिहिते आहे.

भाऊ रेणापूर तालुक्यात शेती करतो. पोरगा 'नीट'च्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, तयारीला लातूरला. एका मंगल कार्यालयात 'एकाग्रता व स्मरणशक्ती' असा मोफत कार्यक्रम होता, पोरांनी पालकांना घेऊन यायचं होतं. स्टेजवरच्या माणसाने लोकांकडून पन्नास शब्द घेतले आणि सगळे ओळीने म्हणून दाखवले, मग उलटेही म्हणून दाखवले. हे जुनं तंत्र आहे. एका शब्दाला दुसरा जोडत गोष्ट रचायची, सरावाने कुणालाही जमतं. त्याचा कुठल्याही पावडरीशी काडीचा संबंध नाही. पण टाळ्या वाजत असतानाच डबे बाहेर आले. 'लेव्हल वन', महिन्याचा कोर्स, २,४०० रुपये.

पहिले काही दिवस पोरगा खूश होता. रात्री एक वाजेपर्यंत जागायचा, झोप येत नाही म्हणायचा, आणि घरच्यांना वाटलं औषध लागू पडलं. महिना सरत आला तसा तो उत्साह गेला. त्याने त्या माणसाला मेसेज केला. उत्तर तयारच होतं: "शरीराने लेव्हल वन स्वीकारली, आता टॉलरन्स आला. लेव्हल टू सुरू कर, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पुड्या." टॉलरन्स म्हणजे शरीराला सवय होऊन गुण कमी होणं. ४,२०० रुपये. त्यानेही भागेना तेव्हा 'रिसेट किट', ६,५०० रुपये. यातलं मला कुणीच काही बोललं नव्हतं.

दिवाळीला सगळे गावी जमलो. दुसऱ्या दिवशी फराळाला बसलो तर भाचा डोकं धरून. ताटातली चकली तशीच. म्हणाला, "आत्या, डोकं लई दुखायलंय. पुडी खोलीवरच राहिली, म्हणून होतंय." पुडी घेतली नाही म्हणून डोकं दुखतंय, हे ऐकल्यावर मला पुढचं विचारायची गरज राहिली नाही. पुडीत कॅफीन, म्हणजे चहा-कॉफीतलं तरतरी आणणारं द्रव्य, असणार. कॅफीन रोज घेणाऱ्याने अचानक थांबवलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, सुस्ती येते, चिडचिड होते, आणि हे आठवडाभरही चालू शकतं.

डबा मागवून घेतला आणि उजेडात धरून वाचला. समोर मेंदूचं चित्र. मागे बारीक अक्षरात 'प्रति पुडी: प्रोप्रायटरी ब्लेंड १,५०० मि.ग्रॅ.', म्हणजे कंपनीचं स्वतःचं मिश्रण, आणि खाली नऊ नावं. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा अशी ओळखीची आधी, आणि शेवटी ग्वाराना बीचा अर्क. कुठल्याही नावापुढे आकडा नाही. अन्न परवान्याचा क्रमांक १४ अंकी असतो. यावरचा मी दोनदा मोजला, १३ अंकी भरला. किमतीवर चिकटपट्टी होती, ती नखाने काढली तर खालची छापील किंमत निम्म्याहून कमी.

ग्वाराना ही दक्षिण अमेरिकेतली वेल. तिच्या बियांत वजनाच्या मानाने कॉफीच्या बियांपेक्षाही जास्त कॅफीन असतं. म्हणजे जी 'एकाग्रता' पोराला जाणवत होती ती बहुधा एवढीच: महागडा चहा, पण किती कप ते न सांगता पाजलेला.

सगळी मेख त्या न लिहिलेल्या आकड्यात आहे. ब्राह्मीवर जे अभ्यास झाले त्यांत मोठ्या माणसांना बहुतेक दिवसाला ३०० मि.ग्रॅ. प्रमाणित अर्क दिला गेला, आणि तोही सुमारे १२ आठवडे. फायदा दिसला तो माफक, आणि हळूहळू. दुसऱ्या आठवड्यात डोकं चालायला लागलं असं ब्राह्मीने होत नाही. झालं तर मळमळ आणि पातळ शौचाला होतं. अश्वगंधाच्या मुळाचा अर्क अभ्यासांत साधारण ३०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा देतात. त्याने क्वचित यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्याने तर विचारल्याशिवाय घेऊच नये. आता १,५०० मि.ग्रॅ.च्या मिश्रणात नऊ नावं असली तर ब्राह्मी ३०० आहे की ३, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. विकणाऱ्याला ते कळू द्यायचंच नसतं.

कॅफीनचे आकडे मात्र पक्के आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मि.ग्रॅ.पर्यंत आणि एका वेळी २०० मि.ग्रॅ.पर्यंत चालेल असं म्हटलं. मुलांसाठी शरीराच्या वजनाला किलोमागे ३ मि.ग्रॅ. एवढीच दिवसाची मर्यादा सुचवली. माझा भाचा ५० किलोचा. म्हणजे त्याला दिवसाला १५०, आणि त्यात त्याचे मेसवरचे दोन-तीन चहा आलेच. आपल्या चहाच्या कपात ३० ते ५० मि.ग्रॅ. कॅफीन सहज असतं. त्यावर चार पुड्या. शिवाय कॅफीनची निम्मी मात्रा शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या पुडीतलं निम्मं कॅफीन दोन वाजताही अंगात असतं. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत, आणि हे लोक स्मरणशक्तीच्या नावाखाली तीच झोप काढून घेतात.

टॉलरन्सचं त्याने सांगितलं ते अर्धसत्य होतं, म्हणून ते पटलं. आपल्या मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य थकवा कळवत असतं. कॅफीन त्याच्या जागा अडवतं. रोज अडवल्या की मेंदू तशा जागा वाढवतो, आणि पहिल्याइतकी तरतरी यायला जास्त मात्रा लागते. इथपर्यंत खरं. पण त्यावर उपाय मात्रा वाढवणं नाही, कमी करणं आहे. काही दिवस हळूहळू उतरवत नेलं की शरीर बरंचसं पूर्ववत होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. ब्राह्मीच्या अभ्यासांत तर सुरुवातीची मात्राच शेवटपर्यंत ठेवतात, महिन्याने दुप्पट करत नाहीत. तेव्हा महिन्याभरात 'सवय झाली, आता लेव्हल टू' असं कुणी म्हणालं, की एकतर त्यात कॅफीनसारखं काहीतरी आहे, नाहीतर त्याला दुसरा डबा खपवायचा आहे. आमच्या बाबतीत दोन्ही होतं असं माझं मत आहे.

भाऊ आधी मानायला तयार नव्हता. "एवढे शिकलेले सर आहेत, तू उगं शंका काढू नको." मी म्हटलं, "दादा, तू दुकानातून औषध आणतोस तेव्हा पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली टाकायचं ते विचारल्याशिवाय फवारणी करतोस का? बाटलीवर नुसती नऊ नावं लिहून दिली तर तुरीवर मारशील का?" तो गप्प बसला. मग उठून आत गेला आणि रिसेट किट घेऊन आला.

त्या किटमध्ये पावडरीसोबत गोळ्यांच्या पट्टीचा एक तुकडा होता. चार गोळ्या, आणि पट्टी अशी कापलेली की नाव, बॅच, मुदत सगळं कापलेल्या भागात गेलेलं. 'परीक्षेच्या महिन्यासाठी' म्हणून. त्या गोळ्या कसल्या ते ओळखायला त्यावर काहीच शिल्लक नव्हतं. जागं राहण्यासाठी म्हणून मोडाफिनिल अशी चोरून विकतात हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. ते अतिझोपेच्या आजाराचं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं, आणि त्याने क्वचित अंगावर जिवावर बेतणारं पुरळ उठू शकतं. नाव नसलेली कापलेली पट्टी पोराच्या हातात कुणीही दिली, अगदी ओळखीच्याने दिली, तरी ती तोंडात जाऊ देऊ नका.

भाच्याला लातूरला फिजिशियनकडे नेलं. नाडी वाढलेली होती, बाकी ठीक. गोळ्या लगेच बंद, पुडी रोज थोडी थोडी कमी करत बंद, दुपारनंतर चहा नाही. आता रात्री अकराला झोपतो, डोकं दुखत नाही.

त्या माणसाचा नंबर आता लागत नाही. तरी तक्रार केली आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि ती आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. आणखी एक: औषध नियम, १९४५ (आधीचं नाव औषध व सौंदर्यप्रसाधन नियम) यांच्या परिशिष्ट 'जे' मध्ये, ज्यांवर गुण येतो असा दावा औषधाला करता येत नाही अशा गोष्टींची यादी आहे. मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवणं त्या यादीत आहे. तक्रारीत हे जरूर लिहा.

नांदेड, संभाजीनगर, परभणी, कुठंही असा डबा तुमच्या घरात असेल तर रागाच्या भरात फेकू नका. डबा, उरलेल्या पुड्या, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि त्याचे 'लेव्हल टू'चे मेसेज जपून ठेवा. आमच्या तक्रारीत बिल नाही म्हणून अडलं होतं, ते या मेसेजवरच पुढे सरकलं.