मुलुंडच्या कुंपणाला आंब्याचं औषध: एका पावसाळ्यानंतर

आमच्या सोसायटीच्या भिंतीला आतून गोल्डन ड्युरांटाचं कुंपण आहे, १२० फूट. पाऊस लागला की ते दर बारा-पंधरा दिवसांनी कापावं लागायचं आणि प्रत्येक वेळी माळीकाकांचे दोन दिवस त्यातच जायचे. काका साठीच्या पुढचे. कुंपण छातीएवढं, त्यामुळे मोठी कात्री सतत खांद्याच्या उंचीवर धरावी लागते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ते कात्री बाजूला ठेवून पायरीवर उजवा खांदा दाबत बसलेले दिसले आणि मला फार वाईट वाटलं. कमिटीत बागेचं काम माझ्याकडे आहे. पॅक्लोब्युट्राझोल हे झाडाची वाढ आखडणारं औषध आणायचं तिथूनच मनात आलं.

कोकणातल्या माणसाला हे औषध नवीन नाही. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष दगा देतो. तो दरवर्षी मोहरावा म्हणून जुलै-ऑगस्टात झाडाभोवती ओततात तेच हे. कुठल्याही कंपनीचं असो, आमच्याकडे सगळे त्याला सरसकट कल्टारच म्हणतात. माझं सासर देवगडचं. दिराला फोन केला तर ते म्हणाले, "वहिनी, आंब्याला विस्ताराच्या दर मीटरला ३ मिली हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं माप. कुंपणाचं माप मला कोणी विचारलं नाही आजवर. थोडं घ्या, थोड्यावरच करून बघा." २३ टक्क्यांची १०० मिलीची बाटली त्यांनीच गावाहून येताना आणून दिली. बाटलीवर पीक म्हणून आंबाच लिहिलेला आहे. म्हणजे कुंपणाला देणं हा आमचा प्रयोग, हे आधी स्पष्ट सांगते.

काम कसं करतं ते कळलं तर वापर नीट होतो. शेंडा लांबतो तो जिबरेलिन या संप्रेरकामुळे. नाशिकचे द्राक्षवाले जे जीए वापरून घड आणि मणी लांबवतात, तेही जिबरेलिनच. पॅक्लोब्युट्राझोल झाडाला हे जिबरेलिन पुरेसं तयार करू देत नाही. झाड मरत नाही, पानंही येत राहतात, फक्त दोन पानांमधली कांडी आखूड होते. औषध मुळांवाटे पाण्याबरोबर वर चढतं, म्हणून ते मातीत द्यायचं. आमच्याकडे आदल्या वर्षी एका बागकाम कंत्राटदाराने "वाढ रोखणारी फवारणी" म्हणून पानांवर काहीतरी मारलं होतं. बाटली दाखवली नाही, नाव सांगितलं नाही, पैसे मात्र आधी घेतले. पंधरा दिवसांत कुंपण जैसे थे. अशा माणसाला दारात उभं करू नका. औषधाचं नाव विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही सहा-सहा फुटांचे तीन तुकडे घेतले. रनिंग मीटरला पाव मिली, अर्धा मिली आणि दोन मिली, प्रत्येकी दोन लिटर पाण्यात. सुई काढलेल्या सिरिंजने मोजलं, कारण बाटलीच्या झाकणाने मोजलं की अंदाजच होतो. काका संगमेश्वरचे, त्यांना हे सगळं ठाऊक. "ताई, कल्टारनं झाड लवकर म्हातारं होतं म्हणतात," एवढं ते बोलले आणि भिंतीवर खडूने खुणा करून मोकळे झाले.

महिनाभर काहीच दिसलं नाही. आधीच फुटलेले शेंडे वाढतच राहतात, तिथे घाई करून पुन्हा औषध ओतायची चूक होऊ शकते. डिसेंबरात फूटपट्टी घेऊन बसले. औषध न दिलेल्या फांदीवर दोन पानांत दोन बोटं अंतर. अर्ध्या मिलीच्या तुकड्यात जेमतेम नखाएवढं, पानं जाड, गडद, एकमेकांना खेटून बसलेली. पाव मिलीत फरक होता, पण रोज बघणाऱ्यालाच कळेल इतका. दोन मिलीचा तुकडा मात्र बघवत नव्हता. शेंड्याला पानांची मूठ वळलेली, कडा सुरकुतलेल्या, हाताला कडक. तो माझ्याच हट्टाचा तुकडा, त्याची हळहळ अजून वाटते. नाशिकच्या मावसभावाकडून जीएची पूड मागवून पातळ द्रावण दोनदा फवारलं, तेव्हा फेब्रुवारीत काही शेंडे सुटे झाले. सगळे नाहीत.

यंदा जूनमध्ये अर्ध्या मिलीच्या मापाने उरलेलं कुंपण केलं. पहिल्या पावसाने माती ओली झाल्यावर, पण उघडीप बघून. मुंबईचा पाऊस एका रात्रीत सगळं गटारात नेईल, म्हणून दिवस निवडणं फार महत्त्वाचं. कापणी आधी, औषध नंतर. बुंध्यालगत चर ओढून त्यात औषधाचं पाणी सोडलं आणि माती परत लोटली. अख्ख्या कुंपणाला २० मिलीसुद्धा लागलं नाही.

जुलै संपेपर्यंत नेहमीसारख्या दोन कापण्या झाल्या. त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत फक्त एक, आणि तीही वरवरची, अर्ध्या दिवसाची. पूर्वी एका कापणीला नऊ-दहा गोणी पाला निघायचा, या वेळी तीन निघाल्या. काकांचा पगार महिन्याचा आहे, कापणीवर नाही, हे मी मीटिंगमध्ये आधीच लिहून घेतलं होतं. औषध आलं म्हणून माणसाचे दिवस कापायचे नाहीत. वाचलेल्या वेळात त्यांनी बी विंगमागचा खतखड्डा पुन्हा सुरू केला आणि जास्वंदीवरचा पांढरा मावा या वर्षी वेळेवर धुतला गेला.

आता जे आवडलं नाही ते. गोल्डन ड्युरांटाचा सोनेरी रंग असतो तो नव्या पालवीचा. पालवी कमी आणि पान गडद, म्हणजे सोनं गेलं. ए विंगच्या दोन काकूंनी "कुंपण आजारी पडलंय का" म्हणून विचारलं, आणि त्यांचं चुकलं नाही. ज्यांनी रंगासाठी ड्युरांटा लावलाय त्यांनी हे औषध वापरूच नये. फायकस किंवा कुंती अशी मुळात हिरवी कुंपणं असतील तर गडद रंग शोभून दिसेल. आमच्या गेटजवळच्या कोयनेलवर मात्र त्याच मापाने फारसा फरक पडला नाही.

दुसरी गोष्ट गवताची. कुंपणालगतची वीतभर हिरवळ काळपट आणि खुरटी झाली. त्याच कडेला दूर्वा होत्या. गणपतीत बायका तिथेच दूर्वा खुडतात, आणि मी जूनमध्ये हे लक्षातच घेतलं नाही. ऑगस्टमध्ये सगळ्यांना सांगून तिथल्या दूर्वा घेऊ दिल्या नाहीत, पलीकडच्या कोपऱ्यातून आणल्या. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, शेवगा यांच्या मुळांजवळ हे औषध अजिबात नको. सोसायटीत विहीर असेल तर तिच्या बाजूचं कुंपण सरळ सोडून द्या.

आणि हे मातीत टिकतं, महिनोन्महिने, कधी वर्षाहूनही जास्त. म्हणून दरवर्षी डोळे मिटून तेवढाच डोस देणं बरोबर नाही. पुढच्या जूनमध्ये आधी फूटपट्टी लावणार. कांडी अजून आखूड असेल तर काहीच नाही, सुटली असेल तर पाव मिली. गेटसमोरचे वीस फूट मात्र औषधाविना ठेवून तिथे सोनं परत येऊ द्यायचं ठरलंय. तेवढं कापायला खांदा कुरकुरत नाही, असं काका स्वतः म्हणाले.

बाटली मीटर रूममध्ये वरच्या फळीवर कुलपात आहे. तिच्यावर काकांनी पट्टी चिकटवून तारीख, माप आणि "दूर्वा सोडून" असं लिहिलंय.