टायर बसवताना चहा प्यायला आत जाऊ नका

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीला गावी निघायच्या दोन आठवडे आधी, मी आमच्या स्विफ्टला चार नवे टायर घातले. त्यातला एकच नवा होता. उरलेले तीन सहा वर्षांपूर्वी तयार झालेले होते, आणि ते मला दिसू नये अशा बेताने बसवलेले होते. ठाण्यात, घोडबंदर रोडवर, भर दुपारी, माझ्यापासून पंधरा फुटांवर हे घडलं. तुमच्यापैकी कोणी आत्ता टायर बदलायच्या विचारात असेल तर कृपा करून हे पूर्ण वाचा.

टायर बदलायची गरज खरी होती, त्यात कोणी फसवलं नाही. गाडी २०१६ ची, टायर कंपनीतून आलेलेच. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला टायर झिजला की खोली १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं आणि कायद्यानेही तो टायर तिथे संपतो. माझे पुढचे दोन जवळजवळ तिथे आले होते, मागच्यांच्या कडेला बारीक भेगा होत्या. साइज मी ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरून लिहून घेतला होता: १६५/८० आर १४, पुढे ८५ टी. ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलो पेलायचं, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. तीन दुकानांत भाव विचारला. म्हणजे मी अगदी काहीच न बघता गेले होते असं नाही, आणि म्हणूनच हे लिहिणं मला जास्त गरजेचं वाटतं.

चौथ्या दुकानात भाव सगळ्यात कमी होता. मालकाने आधी जास्त रुंद, १८५/७० घ्या म्हणून आग्रह केला, "ताई, गाडी रस्त्याला चिकटून चालते." मी नको म्हटलं. मग त्याने हिशोब मांडला: पक्कं बिल हवं तर चार टायरचे १९,६०० आणि रोख दिले तर १६,८००. तेव्हा टायरवर जीएसटी २८ टक्के होता (२२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला आहे), त्यामुळे फरक पटण्यासारखा वाटला. सण तोंडावर, गावी जाण्याचा खर्च, सासूबाईंची औषधं. मी रोख दिले. हातात आला एक गुलाबी कागद, वर छापलेलं 'एस्टिमेट', खाली चार टायर आणि रक्कम. दुकानाचा जीएसटी नंबर नाही, टायरचा नंबर नाही, तारीखही पेनाने.

तारीख बघायची हे मला ठाऊक होतं, आणि मी विचारलंही. मालक लगेच एक टायर घरंगळत घेऊन आला आणि बोट ठेवून दाखवलं: टायरच्या कडेवर 'डॉट' अशी अक्षरं, पुढे कोड, आणि शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे, २४२४. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे २०२४ चा चोविसावा आठवडा, जूनचा माल. "ताजा स्टॉक आहे ताई, कालच गाडी खाली झाली." मग म्हणाला, बाहेर ऊन आहे, धूळ आहे, तुम्ही आत एसीत बसा, चहा सांगतो.

मी आत बसले. चहा चांगला होता. काचेतून गाडी जॅकवर दिसत होती, पण टायर रिमवर चढवायचं मशीन पत्र्याच्या आडोशाला होतं. चाळीस मिनिटांत अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नायट्रोजन सगळं उरकलं. नायट्रोजनचे ४०० वेगळे घेतले (आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, तरी लोक ते भरतात, मीही भरला). चारही टायर काळेभोर, ओले दिसावेत इतके चकचकीत. जुने चार त्याने २०० रुपये नगाने ठेवून घेतले.

५ सप्टेंबरला पहाटे साडेतीनला निघालो. नवरा आधीच रेल्वेने पुढे गेला होता. गाडीत मी, शेजारी सासरे, मागे सासूबाई आणि लेक. पळस्पे, वडखळ, नागोठणे ओलांडेपर्यंत काही नाही. कोलाडच्या पुढे साठ-सत्तरच्या वेगाला स्टेअरिंग थरथरायला लागलं. मला वाटलं रस्ता खराब आहे. सासरे म्हणाले, "सूनबाई, रस्ता चांगला असतानाही हलतंय, बाजूला घे." त्यांचं ऐकलं हे माझं नशीब. पुढच्या डाव्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला होता. हात लावला तर गरम. अजून वीस किलोमीटर ओढली असती तर काय झालं असतं, ते मी मागच्या सीटवर झोपलेल्या लेकीकडे बघून मनातच ठेवलं.

स्टेपनी घालून चाळीसच्या वेगाने माणगाव गाठलं. तिथे सकाळी सहाला एक पंक्चरवाले काका दुकान उघडत होते. त्यांनी फुगलेला टायर आडवा टाकला, गाडीच्या आतल्या अंगाला होती ती बाजू वर केली, ओल्या फडक्याने पुसली आणि मला म्हणाले, "वहिनी, कधी घेतलात?" मी म्हटलं, दोन आठवडे झाले. ते काही बोलले नाहीत. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. लंबगोलात आकडे होते: २२१८. २०१८ चा बाविसावा आठवडा. पॉलिश निघालेल्या जागी खाचांच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसत होत्या. काकांनी नख दाबून त्या उघडून दाखवल्या.

मग त्यांनी टायर उलटा केला. बाहेरच्या बाजूलाही 'डॉट' होतं, कोडही होता, पण शेवटचे चार आकडेच नव्हते. पुष्कळ टायरवर तारीख एकाच कडेला छापलेली असते. साध्या नक्षीचा टायर दोन्ही बाजूंनी बसतो, त्यामुळे तारखेची बाजू आत वळवली की गाडी उचलून चाक काढल्याशिवाय कोणाला काही दिसत नाही. काकांनी मागची दोन्ही चाकं काढली: २२१८ आणि ३११८, दोन्ही आकडे आतल्या बाजूला. पुढचा उजवा तेवढा २४२४, आकडे बाहेर. ड्रायव्हरच्या बाजूचा, मी दार उघडून उतरले की नजरेसमोर येणारा. मला दाखवला तोच टायर तिथे बसवला होता. ही चूक नव्हती, माल संपला म्हणून केलेली तडजोडही नव्हती. माझी नजर कुठे जाईल याचा हिशोब केलेला होता.

स्टेपनीबद्दलही काकांनी टोकलं. ती २०१६ ची, एकदाही न वापरलेली, खाचा कोऱ्या. पण रबर वापरलं नाही तरी हवेने आणि उष्णतेने कडक होत जातं, त्यातला लवचिकपणा जातो. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी तपासून घ्यायचा, आणि दहाच्या पुढे खाचा कितीही चांगल्या असल्या तरी ठेवायचा नाही. दुकानाच्या गच्चीवर उन्हात पडलेला माल तर त्याआधीच बाद होतो. काकांकडून एक नवा टायर पक्क्या बिलावर घेतला, तो पुढे डाव्या बाजूला घातला आणि मागच्या दोघांवर जीव मुठीत धरून, हळूहळू गावी पोचलो.

परत आल्यावर दुकानात गेले. मालक आधी ओळखच दाखवेना. मग म्हणाला, "मॅडम, घोडबंदरच्या खड्ड्यात आपटला असेल, फुगा त्यानेच येतो." यात तथ्य आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. जोराचा दणका बसला की आतले धागे तुटतात आणि फुगा येतो, नव्या टायरलाही येतो. पण खड्ड्यात आपटून २०२४ चं २०१८ होत नाही. हे म्हटल्यावर तो म्हणाला, "हे टायर माझ्याकडचे कशावरून? बिल दाखवा." मी गुलाबी कागद काढला. त्यावर टायरचा नंबरच नव्हता. त्या क्षणी मला कळलं की २,८०० रुपयांची सूट कशाची होती. टायर कंपनीच्या वॉरंटीचंही तेच झालं. बिल नसेल तर ते टायर तयार झाल्याच्या तारखेपासून मोजतात असं मला सांगितलं गेलं, आणि त्या हिशोबाने मुदत कधीच उलटून गेली होती.

मला उपयोगी पडला तो व्हॉट्सॲप. भाव ठरवताना त्याने साइज, चार नग, 'न्यू स्टॉक' आणि रक्कम असं लिहून पाठवलं होतं, सोबत २४२४ चा फोटो. त्या जोरावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, म्हणजे कच्च्या कागदावर माल विकणारा तिथेच चुकलेला असतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हेही मला तेव्हाच समजलं. कच्चं बिल असलेल्यांनी आपलं काही होणार नाही असं समजून गप्प बसू नका.

नंतर तीन दुकानं हिंडून मी मागचे दोन घेतले. या वेळी चारच गोष्टी केल्या आणि सगळ्या टायर रिमवर चढायच्या आधी केल्या. प्रत्येक टायरचे चार आकडे स्वतः वाचले, फोटो काढला, आकड्यांची बाजू बाहेर ठेवा असं आधीच सांगितलं, आणि बिलावर ते आकडे लिहून घेतले. दुकानदाराला राग आला नाही. उलट त्याने स्वतःच स्टूल आणून मशीनजवळ ठेवलं. ज्याला राग येतो त्याच्याकडून घेऊ नका.

हेल्पलाइनच्या तक्रारीनंतर घोडबंदरच्या त्या दुकानदाराचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "ताई, कशाला वाढवायचं? ते तीन टायर आणून द्या, पाच हजार देतो." पाच हजार थोडे नव्हते. मी विचारलं, सहा वर्षांचे टायर, त्यातला एक फुगलेला, तुम्हाला कशाला हवेत? तो म्हणाला, "ते तुम्ही माझ्यावर सोडा." मला त्याच्याकडे २०० रुपयांनी राहिलेले माझे जुने चार आठवले. झिजलेल्या टायरमध्ये गरम पात्याने नव्या खाचा कोरून, पॉलिश मारून ते सेकंडहँड म्हणून विकतात. ते आज कोणाच्या गाडीखाली आहेत, मला माहीत नाही.

मी नाही म्हटलं. फुगलेला टायर पुरावा म्हणून गॅलरीत ठेवला आहे. बाकीचे दोन नव्या दुकानात नेले, आकड्यांचे फोटो काढले आणि दोन्हींच्या कडा माझ्यासमोर कटरने आरपार कापून घेतल्या. मगच भंगारात दिले.