गूगल स्कॉलर की स्कोपस: प्राध्यापकाने कशावर विसंबावे?

गूगल स्कॉलर आणि स्कोपस ही शोधनिबंध शोधण्याची दोन्ही साधने २००४ साली सुरू झाली, परंतु त्यांची घडण मुळातच वेगळी आहे. स्कॉलर हे शोधयंत्र असल्याने संकेतस्थळांवर शोधनिबंधासारखे जे आढळेल ते टिपून घेते. त्यात नामांकित जर्नलमधला लेख असतो, तसा पीएच.डी.चा प्रबंध असतो आणि कुणी स्वतःच्या पानावर ठेवलेला कच्चा मसुदाही असतो. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या स्कोपसमध्ये मात्र कोणते नियतकालिक घ्यायचे हे तज्ज्ञांचे मंडळ ठरवते, घेतलेल्या नियतकालिकांची यादी जाहीर असते आणि पूर्ण वापरासाठी संस्थेला वर्गणी भरावी लागते.

नव्या विषयात शिरताना स्कॉलरच उजवे ठरते, असे माझे मत आहे. एखादा जुना, पायाभूत निबंध शोधावा, त्याखाली दिसणाऱ्या उद्धरणांच्या आकड्यावर क्लिक करावे आणि समोर आलेल्या यादीपुरताच शोध मर्यादित करून आपला शब्द टाकावा. त्या निबंधाचा धागा पुढे कोणी कोणत्या दिशेने नेला, हे काही मिनिटांत उमगते. ग्रंथ आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषांतले लेखन यांवर ज्यांची भिस्त आहे, त्या मानव्यविद्यांच्या अभ्यासकांना स्कोपसची यादी तोकडी वाटते, आणि ही तक्रार रास्त आहे.

पद्धतशीर आढावा, म्हणजे एखाद्या प्रश्नावरचे सगळे संशोधन ठरावीक रीतीने गोळा करून तपासणारा लेख, लिहायचा असेल तर पारडे फिरते. अशा आढाव्यात आपला शोध दुसऱ्याला जसाच्या तसा करून पाहता आला पाहिजे. स्कॉलर एका शोधाचे फार तर १,००० निकाल दाखवते आणि कोणकोणती नियतकालिके तपासली याची यादी देत नाही. स्कोपसमध्ये शीर्षक, सारांश, लेखक, वर्ष अशा रकान्यांनुसार शोध बांधता येतो, साठवता येतो आणि निकाल एकत्रित उतरवून घेता येतात. वेब ऑफ सायन्स याच जातकुळीचे आहे. ग्रंथालयाकडे दोहोंपैकी एक असेल तर दुसऱ्यासाठी हट्ट धरण्याचे कारण बहुतेकांना पडू नये.

उद्धरणांची मोजदाद करताना तर स्कॉलरचा आकडा जपूनच वापरावा. सिरिल लाब्बे या फ्रेंच संशोधकाने २०१० साली ‘आयके अँटकारे’ नावाचा काल्पनिक शास्त्रज्ञ उभा केला, संगणकाने रचलेले शंभरावर निरर्थक निबंध त्याच्या नावे जाळ्यावर ठेवले आणि ते एकमेकांना उद्धृत करत असल्याने स्कॉलरवर त्याचा एच-निर्देशांक ९४ पर्यंत चढला, म्हणजे त्याच्या ९४ निबंधांना प्रत्येकी किमान ९४ उद्धरणे मिळाल्याचे दिसू लागले. निवडीची चाळणी असलेल्या साधनात हे इतके सोपे नाही, जरी तिथेही सुमार जर्नले शिरतात आणि मागाहून वगळावी लागतात.

प्रत्यक्ष वाचनासाठी स्कॉलरमधील ‘सर्व आवृत्त्या’ हा दुवा उपयोगी पडतो, कारण प्रकाशकाकडे कुलूपबंद असलेल्या निबंधाची मोफत प्रत पुष्कळदा तिथे सापडते. ती प्रत १९९१ साली सुरू झालेल्या अर्काइव्हसारख्या भांडारातली असेल, तर तज्ज्ञ-परीक्षणापूर्वीची असण्याचा संभव असतो. म्हणून उद्धृत करण्याआधी प्रकाशकाच्या पानावर अंतिम आवृत्ती पाहावी. निबंध मागे घेतला गेल्याची सूचनाही तिथेच असते, इतरत्र विखुरलेल्या प्रतींवर ती उमटतेच असे नाही.

वैद्यक आणि जीवविज्ञानाच्या प्राध्यापकांना मात्र या दोहोंत अडकण्याची फारशी गरज नाही. १९९६ साली सुरू झालेले पबमेड हे त्यांच्या विषयांतल्या निबंधांचे शोधसाधन मोफत आहे, आणि ठरावीक विषयसंज्ञांनुसार बांधलेला शोध तिथे दुसऱ्यालाही पडताळता येतो.