बॅकलिंक विकत घ्यायची, मागायची की मिळवायची? गोव्यातल्या छोट्या धंदेवाल्यांसाठी

चतुर्थी आटपली की गोव्यात सीझनची धावपळ सुरू होते, घराला रंग, नव्या गाद्या, राहिलेले परवाने, आणि नेमका त्याच टायमाला फोन येतो की तुमची वेबसाइट गुगलच्या पहिल्या पानावर आणतो, हजार बॅकलिंक देतो, पॅकेज घ्या. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या कोणाच्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक. म्हापशातला काजूवाला असो की सत्तरीतला होमस्टेवाला, हा फोन बहुतेकांना येऊन गेलेला असतो. पैसे टाकायच्या आधी कुठली लिंक नेमकं काय करते ते बघून घ्या, कारण सगळ्या लिंका सारख्या नसतात आणि काही तर अजिबात काहीच करत नाहीत.

गुगल काढणारे लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डला असताना पेजरँकची, म्हणजे पानांचं वजन ठरवायची, कल्पना काढली ती अशी, की एखाद्या पानाकडे किती लिंका येतात ते बघायचं आणि त्या देणारी पानं स्वतः किती वजनाची आहेत तेही बघायचं. पॅकेजवाले पहिला अर्धा भाग सांगतात, दुसरा गाळतात. ज्या पानाकडे कोणीच बघत नाही त्याने तुमच्याकडे बोट दाखवलं तर त्याला किंमत किती?

आधी पॅकेजचंच बोलू. यात मिळतं काय, तर कोणीच वाचत नाही अशा साइट्सवर तुमची लिंक, तीसुद्धा "बेस्ट होमस्टे इन गोवा" अशा एकाच छापाच्या शब्दांवर, आणि त्याच पानावर वर-खाली ऑनलाइन जुगार, झटपट लोन आणि कसल्यातरी गोळ्यांच्या लिंका. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने पेंग्विन अपडेट आणला तो याच प्रकारासाठी, तेव्हा अशा साइट्स धडाधड खाली गेल्या. २०१६ पासून पेंग्विन गुगलच्या मुख्य अल्गोरिदमचाच, म्हणजे रिझल्टचा क्रम लावणाऱ्या सिस्टिमचाच, भाग झाला आणि अशा लिंकांची शिक्षा देण्यापेक्षा त्या मोजायच्याच नाहीत असं धोरण आलं. डिसेंबर २०२२ पासून स्पॅमब्रेन नावाची सिस्टिमही लिंक विकणाऱ्या आणि घेणाऱ्या साइट्स हुडकते. म्हणजे बहुतेक वेळा तुमची साइट खाली जात नाही, वरही येत नाही, फक्त पैसे जातात. पण फारच उघडउघड असेल तर गुगलचा माणूस हाताने कारवाई करतो आणि तशी नोटीस सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकांसाठी गुगलने दिलेल्या टूलमध्ये, येते, मग लिंका काढा, अर्ज करा, वाट बघा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनीसारख्या बड्या दुकानाचंही विकतच्या लिंकांचं प्रकरण पेपरात आलं आणि रँकिंग कोसळलं, ते पण ऐन सणाच्या सीझनमध्ये वर राहून झाल्यावर.

फोनवर "डीए ५० च्या साइटवरून लिंक देतो" असंही सांगतात. डीए, म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, हा साइटचं वजन दाखवायला मॉझ नावाच्या कंपनीने काढलेला आकडा आहे, गुगल तो वापरत नाही. अंदाजाला ठीक, पण त्यावर पैसे मोजू नका.

आता डिरेक्टऱ्या, म्हणजे जिथे नाव, पत्ता, फोन टाकून लिस्टिंग करता येतं त्या. यातून रँकिंगचं वजन फारसं येत नाही, बऱ्याच ठिकाणी लिंकवर नोफॉलो असतो. नोफॉलो म्हणजे लिंक देणारा गुगलला सांगतो की मी याची हमी घेत नाही. हा टॅग २००५ मध्ये आला, २०१९ मध्ये त्याच्या जोडीला स्पॉन्सर्ड (पैसे घेऊन दिलेली लिंक) आणि यूजीसी (वाचकांनी कॉमेंटमध्ये वगैरे टाकलेली लिंक) असे दोन टॅग आले, आणि तेव्हापासून गुगल नोफॉलोला हुकूम न मानता इशारा मानतो. तरीपण चार-पाच चांगल्या डिरेक्टऱ्या कराच, कारण आपल्याकडचं गिऱ्हाईक मॅपवर शोधतं आणि मॅपच्या रिझल्टमध्ये गुगल तीन गोष्टी बघतो, शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, अंतर किती आणि तुम्ही किती माहीत असलेले आहात. फक्त वाड्याचं नाव, घर नंबर आणि फोन सगळीकडे सारखा लिहा, एका ठिकाणी जुना मोबाइल आणि दुसरीकडे नवा असं नको. (बुकिंगच्या मोठ्या साइट्सवरून बॅकलिंक मिळेल ही आशा सोडा, त्यांना गिऱ्हाईक स्वतःकडेच ठेवायचं असतं.)

गेस्ट पोस्टचं प्रकरण मधलं आहे. दुसऱ्याच्या साइटवर लेख लिहून आपली लिंक टाकायची. बोंडल्याजवळ तुमचं घर आहे आणि पक्षी बघणाऱ्यांच्या साइटवर तुम्ही खरंच पाखरांबद्दल लिहिलंत तर उत्तम, वाचणारा तुमचा संभाव्य पाहुणा आहे. पण पैसे देऊन "गोव्यातली दहा ठिकाणं" छापून आणलं तर ती जाहिरात झाली आणि गुगलच्या नियमाप्रमाणे तिथल्या लिंकवर स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो लागला पाहिजे. मोठ्या साइटच्या नावावर बाहेरचा मजकूर चढवून रँकिंग मिळवायच्या प्रकारावर, तसंच बंद पडलेली जुनी डोमेन, म्हणजे साइटचे पत्ते, विकत घेऊन त्यावर भलतंच काही टाकण्यावर, मार्च २०२४ मध्ये गुगलने वेगळे नियमच काढले. तेव्हा कोणी "जुनं, वजनदार डोमेन देतो" म्हणाला तर हात जोडा.

शेजारपाजारचे लोक एकमेकांना लिंक देतात ते मला आवडतं. होमस्टेने कयाकवाल्याची लिंक दिली, कयाकवाल्याने जेवणवाल्या मावशींच्या पेजची, पाहुण्याला तीच माहिती हवी असते. चार-सहा अशा लिंकांनी काही बिघडत नाही. पन्नास जणांचा ग्रुप करून सगळ्यांनी सगळ्यांना फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाला, लिंक द्यायची ठरवलीत तर मात्र ते स्पॅमच.

आणि आता जी लिंक खरं काम करते ती, कोणीतरी आपणहून, लेखाच्या मजकुरात, विषयाला धरून दिलेली. नवप्रभा किंवा गोमन्तकसारख्या पेपरच्या साइटवर आलेली बातमी, कॉलेजच्या फील्ड ट्रिपचं पान, खाण्यावर लिहिणाऱ्या कोणाचा लेख. ही विकत मिळत नाही, तिच्यासाठी तुमच्या साइटवर लिंक द्यावीशी वाटेल असं काहीतरी लागतं, आणि गोव्यात ते पायाखाली पडलंय. काजूच्या सीझनमध्ये बोंडू वेचण्यापासून निरो, हुर्राक आणि मग फेणी कशी होते याचे फोटो टप्प्याटप्प्याने टाकून पान करा, फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यावर लिहिणारे जगभर आहेत आणि त्यांना दाखवायला नीट पान हवं असतं. कुळागर असेल तर मिरवेल, जायफळ, सुपारी कुठल्या महिन्यात काय अवस्थेत असते ते लिहा. होमस्टे असेल तर महिन्यावार पक्ष्यांची यादी. "आमच्याकडे एसी, वायफाय, पार्किंग आहे" या पानाला कोणीही लिंक देणार नाही, का द्यावी?

मग पैसा कुठे टाकायचा? तुम्हाला कुठल्या शब्दांवर दिसायचंय त्यावर ते अवलंबून आहे. "बोंडला जवळ होमस्टे" असं असेल तर स्पर्धा थोडी, मॅपवर दिसणारं धंद्याचं गुगल प्रोफाइल नीट, रिव्ह्यू, चार डिरेक्टऱ्या आणि एक चांगलं पान एवढ्यावर जमून जाईल, लिंकांच्या मागे लागूच नका. काजू देशभर ऑनलाइन विकायचे असतील तर लिंका लागतील, तेव्हा पॅकेजचे पैसे चांगल्या फोटोग्राफरला द्या. "गोवा डेस्टिनेशन वेडिंग"सारख्या शब्दावर मात्र बड्या हॉटेलांशी गाठ आहे, तिथे एका सीझनमध्ये काही होईल असं समजू नका, बारीक शब्द धरा, एखादं गाव, एखादा प्रकारचा लग्नसोहळा. गुगलचीच माणसं आता सांगतात की लिंकांचं महत्त्व पूर्वीइतकं राहिलेलं नाही. चांगल्या लिंकेचाही परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने जातात, त्यामुळे डिसेंबरच्या गर्दीसाठी नोव्हेंबरात धावण्यात अर्थ नाही, पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात तेव्हाच हे काम करून घ्या.

कोणी लिंक विकायला आलाच तर आधी त्याने दुसऱ्याला दिलेलं एक पान मागा. ते गुगलवर शोधून सापडतं का बघा, पेज सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून लिंकजवळ नोफॉलो किंवा स्पॉन्सर्ड आहे का बघा, आणि त्याच पानावरून बाकी कुणाकुणाला लिंक दिलीय ते वाचा. आणि आजच करण्यासारखं एक काम, तुमच्या धंद्याचं नाव अवतरणचिन्हात टाकून सर्च करा. कुठल्यातरी पेपरात, कुणाच्या प्रवासवर्णनात तुमचं नाव आधीच आलेलं असतं पण लिंक नसते, तिथे लिहिणाऱ्याला दोन ओळींचा मेल टाका, नाव छापल्याबद्दल आभार, वाचकांच्या सोयीसाठी साइटची लिंक जोडता येईल का. फुकट आहे आणि बरेच जण जोडतात.